पालक विचारतात : ‘अक्षराची वस्तू आणा’

शाळा रुळली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येऊ लागतात : या आठवड्याचं अक्षर अमुक, त्या अक्षराची एक वस्तू द्या, मूल वर्गात तिच्याबद्दल दोन-तीन वाक्यं बोलेल. इंग्रजी शाळांत याला ‘शो अँड टेल’ म्हणतात. आता मराठी बालवाड्याही हा उपक्रम घेऊ लागल्या आहेत. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. पुढच्या शुक्रवारी ‘स’ची वस्तू न्यायची आहे. मागच्या वेळी ‘क’ला कमळाचं चित्र दिलं होतं, पाच ओळी पाठ करून घेतल्या होत्या. घरी धडाधड म्हणायची. वर्गात ‘कमळ’ एवढंच बोलली आणि गप्प उभी राहिली. या वेळी काय करू? (एक आई, परभणी)

उत्तर : पाठ केलेल्या ओळी माळेसारख्या असतात, एक मणी निसटला की बाकीचे घरंगळतात. या वयाचं मूल पाठांतर पहिल्या शब्दापासून सलग म्हणतं. मधूनच धागा उचलणं त्याला जमत नाही. घरी अडलं की तुम्ही पुढचा शब्द पुरवत असणार. वर्गात तो पुरवायला कोणी नव्हतं. शिवाय कमळाच्या चित्राला हात लावून करण्यासारखं काही नाही, आणि परभणीच्या साडेचार वर्षांच्या मुलीनं कमळ पाहिलं असेलच असंही नाही. म्हणून या वेळी हातात धरता येईल आणि हातानं काही करून दाखवता येईल अशी वस्तू घ्या. वाक्यं त्या वस्तूलाच टांगायची.

‘स’साठी सूप उत्तम. घरातलं मोठं सूप तिला पेलणार नाही. जत्रेत किंवा बुरुडाकडे भातुकलीतलं वीतभर सूप मिळतं, ते आणा. आता हे पाहा : सुपाला तीन बाजूंनी कड असते आणि चौथी बाजू उघडी, पुढं पसरट. विणीवर बोट फिरवलं की खरखरीत लागतं. दोन्ही हातांनी धरून झटका दिला की जड दाणा मागं येतो आणि हलकं फोलपट उघड्या बाजूनं उडतं. या एकेका ठिकाणी एकेक वाक्य बसतं. सूप वर धरायचं : “हे सूप आहे.” विणीवर बोट : “हे बांबूचं आहे.” पाखडायची कृती : “आजी यात ज्वारी पाखडते.” उघड्या बाजूला बोट : “कोंडा इकडून उडतो.” झालं. चार वाक्यं, अर्धं मिनिट. वाक्य विसरलं तरी हात पुढच्या जागी जातो आणि हातापाठोपाठ शब्द येतो. क्रम चुकला तरी काही बिघडत नाही.

तयारीला चार दिवस पुरतात, रोज सात-आठ मिनिटं. सोमवारी घरभर ‘स’ शोधायचा : साबण, साखर, सांडशी, सतरंजी, सूप. चार वस्तू ओळीनं मांडा आणि त्यात मुद्दाम एक वाटी ठेवा. तिनं वाटी बाजूला काढली तर आवाज कळला. नाही काढली तर अजून बोलायच्या तयारीला लागू नका, आणखी एक दिवस हाच खेळ खेळा. मंगळवारी वस्तू तिला निवडू द्या. तिनं साबण निवडला तर साबण; आम्ही सुपाचं कौतुक केलं म्हणून सूप लादू नका. बुधवारी वस्तू वापरायची. सुपात मूठभर ज्वारी आणि लसणाची टरफलं घालून तिला पाखडू द्या. टरफलं उडतात, ज्वारी राहते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की चौथं वाक्य शिकवावं लागत नाही. घरभर ज्वारी सांडेल, त्याला इलाज नाही. गुरुवारी शेजारच्या काकूंना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा आणि तिथून त्यांना सांगायला लावा. घरी मूल कुशीत बसून बोलतं, म्हणून त्याचा आवाज चार हातांपलीकडं जात नाही. वर्गात हेच अंगाशी येतं.

तालीम घेताना “म्हण बरं, हे सूप आहे” असं सुरू करू नका. विचारा : हे काय आहे? कशाचं आहे? कोण वापरतं? बाई वर्गात हेच तीन प्रश्न विचारतात. मूल थांबलंच तर बाईंच्या प्रश्नानं गाडी पुन्हा चालू होते. शुक्रवारी सकाळी वेणी घालताना उजळणी मात्र नको. आणि वहीत बाईंना एक ओळ लिहून पाठवा : “बोलताना सूप तिच्या हातात राहू द्या.” पुष्कळदा वस्तू टेबलावर मांडून ठेवतात आणि मूल रिकाम्या हातानं फळ्यासमोर उभं राहतं.

प्रश्न : मुलगा सिनिअर के.जी.ला, इंग्रजी माध्यमात. ‘ओ’साठी कांदा दिला, ओनियन. बाईंनी शेरा दिला : ‘आवाज जुळत नाही, दुसरी वस्तू पाठवा.’ स्पेलिंग तर ओ-नंच सुरू होतं! पुढं एस, व्ही आणि एक्स यायचे आहेत. (एक वडील, लातूर)

उत्तर : स्पेलिंग तुमचं बरोबर आहे आणि शेरा बाईंचा बरोबर आहे. आता बहुतेक इंग्रजी शाळा अक्षराचं नाव नंतर आणि आवाज आधी शिकवतात. ओचा शिकवायचा आवाज ‘ऑ’, आणि ओनियनचा पहिला आवाज मात्र ‘अ’. ऑरेंज चालतं. संत्रं द्या. (जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘स्वीट ऑरेंज’ या नावानं, पण त्यावरून बाईंशी वाद घालू नका; मोसंबी एमसाठी राखून ठेवा.)

असे खड्डे ठरलेल्या अक्षरांत असतात. यूला अंब्रेला चालते, युनिफॉर्म नको. आयला इंक किंवा इडली चालते, आइस नको. सीला कप, पण चेअर नको. पीला पेन, पण फोटो नको. टीला टॉवेल, पण थ्रेड नको. ‘के’ला ‘की’ म्हणजे किल्ली. नाइफ दोन्ही कारणांनी नको : केचा आवाज निघत नाही आणि सुरीला धार असते. ईला एग. एला ॲपल सगळेच आणतात, म्हणून मुंगी चालेल, ॲन्ट. काचेच्या बरणीत नको, झाकणाला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, आणि शाळा सुटल्यावर सोडून द्यायची.

एससाठी स्पून, स्टूल, स्केल टाळा. आपल्याकडं पुष्कळांच्या बोलण्यात ‘स’च्या जोडाक्षरानं सुरू होणाऱ्या शब्दाआधी ‘इ’ लागतो : इस्पून, इस्टूल, इस्कूल. मग मुलाच्या तोंडून पहिला आवाज एसचा निघतच नाही. सोप, सॉक, सॉल्ट द्या. शू आणि शुगर एसनं लिहितात, पण त्यांचा आवाज ‘श’.

व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही आपण ‘व’ म्हणतो, त्यामुळं मुलाला फरक ऐकूच येत नाही. तो ओठांवर दाखवा. आरशासमोर उभं करा : व्हॅन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, वॉच म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात कुठं टेकत नाहीत. दोन मिनिटांचा खेळ आहे, मुलं हसत करतात. व्हीला खेळण्यातली व्हॅन आणि डब्ल्यूला जुनं मनगटी घड्याळ द्या. बटनासारखा सेल काढून ठेवूनच घड्याळ दप्तरात घाला. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. अशा वेळी उलटी करायला लावायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

एक्सनं सुरू होणारी, मुलाच्या ओळखीची वस्तू जवळपास नाहीच. त्याचा ‘क्स’ हा आवाज शब्दाच्या शेवटी मिळतो, म्हणून बॉक्स. रिकामा खोका न्यायचा, त्यात काय आहे ते वर्गाला ओळखायला लावायचं. आजोबांची जुनी एक्स-रे फिल्मही नेतात. खिडकीकडं धरली की हाडं दिसतात आणि सगळा वर्ग गोळा होतो. फिल्मवरचं नाव आणि दवाखान्याची माहिती चिकटपट्टीनं झाका. क्यूची चिंता तर मराठवाड्यात नकोच. क्विल्ट म्हणजे आपली वाकळ. अख्खी वाकळ पाठवायची गरज नाही. जुन्या लुगड्याचे तीन थर घेऊन वीतभर चौकोन शिवा, धावदोरा ठसठशीत दिसू द्या.

घरी मूल वस्तूबद्दल मराठीत बोलत असेल तर बोलू द्या. आधी मराठीत काय सांगायचं ते पक्कं होऊ द्यावं, मग त्यातली दोन वाक्यं इंग्रजीत आणावीत. उलट केलं की पोपटपंची होते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडं २२ मुलं आहेत. मराठी अक्षरांवर असा उपक्रम घ्यायचा आहे, पण पालकांना खर्च पडू नये. आणि ण, ळ, ऐ, औ यांचं काय करावं? (हिंगोली जिल्हा)

उत्तर : ताई, २२ मुलं एका दिवशी बोलवू नका. रोज चार मुलं घेतली तर सहा दिवसांत सगळ्यांची पाळी येते. तीन-चार वर्षांची मुलं ऐकत बसतात ती साधारण दहा मिनिटं. पाचव्या मुलाच्या वेळी गोंधळ सुरू होतोच, आणि बिचाऱ्या त्या पाचव्याला वाटतं आपलंच चुकलं.

क, म, स, प, ब यांपासून सुरू करा. घराघरांत यांच्या वस्तू पडलेल्या असतात. वसमतच्या परिसरात ‘ह’ला हळकुंड आणि जवळपास कुठंही ‘क’ला कापसाचं बोंड मिळतं. तुळजापूरला जाऊन आलेल्या घरात कवडी असते. ‘अं’ला अंबाडीची पानं, ‘ऊ’ला उसाचं कांडं, ‘ओ’ला गव्हाची ओंबी. ओंबी फेब्रुवारीतच मिळणार, तेव्हा अक्षरांचा क्रम हंगामाप्रमाणं लावा. सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबर, हुरडा डिसेंबर-जानेवारीत. ‘औ’ला पुस्तकात औषध असतं. औषधाची बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट मुलाच्या हाती देऊच नका. आपल्याकडं औत आहे की! पोळ्याच्या बाजारात लाकडी बैलजोडीसोबत लहानसं औत मिळतं. ‘ऐ’साठी ऐरण अंगणवाडीत आणता येत नाही; मुलांना रांगेनं गावातल्या लोहाराकडं न्या, घण पडला की होणारा आवाज ऐकवा. ‘ण’चं एक काम तिथंच उरकतं.

ण आणि ळ मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून तिथं ‘शेवटी कोण आहे?’ असा खेळ करा. ‘ळ’ला टाळ द्या. भजनी मंडळाकडून तासाभरासाठी एक जोडी मागून आणा. वाजवल्यावर नाद विरेपर्यंत मुलांनी ‘टाऽऽळ’ म्हणायचं. आधीचा ‘आ’ लांबतो आणि शेवटचा ‘ळ’ वेगळा, ठळक ऐकू येतो. केळं, डाळ, माळ नंतर. ‘ण’ला फणी, बाण, चाळणी. चाळणीत ळ आणि ण दोन्ही असल्यानं पहिल्या दिवशी ती नको. ङ आणि ञ सोडून द्या.

च, ज, झ यांचे आपल्याकडं दोन-दोन उच्चार आहेत. चमचा, चाक, चाळणी एका गटात. चिमटा, चहा दुसऱ्या. जातं आणि जिरं यांचंही तेच. पहिल्या दिवशी एकाच गटातल्या वस्तू मागवा, नाहीतर मुलं म्हणतील हा ‘च’ वेगळाच आहे, आणि त्यांचं खरं असेल.

अक्षराचं कार्ड हातानं काढा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर बोटभर जाड रेषेचं एकच अक्षर. मोबाइलवरून छापून घेतलं तर ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणात पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात, पुढं पाठ्यपुस्तकातही तेच भेटतील.

काय आणू नये याची यादी दाराशीच लावा. सगळ्यात वर एरंडाच्या बिया आणि गुंजा. ‘ए’ आणि ‘ग’ची अक्षरं आली की या हमखास येतात, दिसायला सुंदर असतात आणि दोन्ही विषारी आहेत, चावून गिळलेली थोडी बीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. धोतऱ्याचं फळ आणि कण्हेरही नको. मग सुटे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, गोट्या, फुगे, कारण हे घशात अडकतात. सुई, विळी, काचेचा कंदील नको. गुळाचा खडा आणायचा तर झाकणाच्या स्टीलच्या डबीत, नाहीतर दुपारपर्यंत मुंग्याच ‘म’चा धडा घेतील.

प्रश्न : नातू घरी आमच्यासारखंच बोलतो. बाणाला बान, पाण्याला पानी, शाळेला साळा. ‘व’ला विळा सांगितला तर म्हणाला, “हा तर इळा, ह्याला इ पाहिजे.” सुनेला वाटतं वर्गात हसतील, आधी भाषा सुधारा. तुम्ही काय म्हणता? (एक आजोबा, उदगीर)

उत्तर : आजोबा, नातवाचा कान पक्का आहे. जे ऐकतो त्याला अक्षर लावतो, या वयात एवढंच यायला हवं. ‘इळा’ला इ लावणं ही चूक नाही, घरातल्या उच्चाराप्रमाणं ते बरोबर आहे. त्याला सांगा : “आपण घरी इळा म्हणतो, पुस्तकात विळा लिहितात.” एवढंच, आणि एकदाच. ‘व’ला विळ्याऐवजी वाटी द्या, विळा तसाही शाळेत न्यायचा नाही.

अक्षर निवडून मिळत असेल तर घरच्या आणि पुस्तकी उच्चारात फरक नाही असे शब्द घ्या : भाकरी, माठ, तांब्या, पाट, दोरी. ‘श’ला शेंग दिली आणि तो ‘सेंग’ म्हणाला तर बोलता बोलता मधेच अडवू नका. अडवलं की मूल आवाजाकडं लक्ष देऊ लागतं आणि सांगायचं विसरतं. त्याचं बोलून झाल्यावर तुम्ही सहज पुन्हा म्हणा, “हो का, शेंग वाळलेली आहे का?” बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडला, काम झालं. न-ण आणि स-श यांचा फरक पुढं वाचायला लागल्यावर डोळ्यांना दिसतो आणि पुष्कळसा तिथंच सुटतो. सूनबाईंना मात्र हे आमच्या नावानं सांगा, तुमच्या नको.

प्रश्न : मी आणि मालक कारखान्यावर असतो. लेकरू गावाकडं माझ्या सासूबाईजवळ असतंय. शाळेचा निरोप माझ्या मोबाइलवर येतोय, सासूबाईला वाचता येत नाही. तयारी कशी करून घ्यावी? (बीड जिल्हा)

उत्तर : वाचता येण्याची गरजच नाही, ताई. अक्षर म्हणजे आधी आवाज. सासूबाईंना फोनवर एवढंच सांगा : “‘त’नं सुरू होणारी घरातली वस्तू, जशी तवा, तांब्या, तूर.” त्या तुमच्यापेक्षा जास्त वस्तू काढतील. मग लेकराला फोनवर घ्या आणि तुम्हाला माहीत नसल्यासारखं विचारा : तांब्या कुठं ठेवलाय? त्यात काय भरता? रिकामा वाजतो कसा, वाजवून दाखव बरं. फोनवर वस्तू दिसत नाही म्हणून मुलाला शब्दांनीच सांगावं लागतं. समोर बसून घेतलेल्या तालमीपेक्षा ही बरी होते. आठवड्यात असे दोन फोन पुरे.

बाईंना एक विनंती करा : निरोप लिहिण्याऐवजी बोलून पाठवा, म्हणजे तोच पुढं शेजारच्या कोणाच्या फोनवर पाठवता येतो आणि सासूबाई स्वतः ऐकू शकतात.

प्रश्न : मुलगी घरी अखंड बडबडते, शाळेत तीन महिने झाले तरी एक शब्द बोलत नाही. वस्तू घेऊन नुसती उभी राहते. (जालना)

उत्तर : पहिला महिना मुलं गप्प राहतात, तो सोडून द्यायचा. त्यानंतरही महिनाभराहून जास्त काळ घरी नीट बोलणारं मूल शाळेत अजिबात बोलत नसेल, तर त्याला हट्ट किंवा लाज समजू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांनाही सांगता येतं. ही तपासणी मोफत असते. तोवर तिला बोलायला उभं करू नका. तिनं वस्तू आणावी, पिशवीतून काढून एकेकाच्या हातात द्यावी, वर्गानं नाव ओळखावं, तिनं मान हलवावी. बक्षिसाचं आमिष नको आणि “बोल ना गं” हेही नको. ती बोलली तर टाळ्याही नकोत, बाईंनी पुढचं मूल बोलवावं.

प्रश्न : स्टेशनरीच्या दुकानात प्रत्येक अक्षराचं तयार किट मिळतं, थर्माकोलवर वस्तू चिकटवलेल्या असतात. घ्यावं का? (नांदेड)

उत्तर : नको. चिकटवलेली वस्तू काढता येत नाही, वापरता येत नाही, आणि वर्गातली सहा मुलं तेच किट घेऊन येतात. तो पैसा भातुकलीतल्या जात्याला किंवा सुपाला घाला, चार अक्षरांना पुरेल.